बिनतारी देवघेव आणि ओळखीची खूण

एका मोबाईलमधील छायाचित्र, मध्यें कसलीहि तार नसतां, दुसऱ्या मोबाईलमध्यें पाठवितां येतें, ही गोष्ट आमच्या शाळेंतील पांचव्या इयत्तेच्या मुलांसहि ठाऊक आहे. स्नेहसंमेलन आटोपतें, नाटकांतील पात्रांच्या चेहऱ्यांवरचा रंगहि अजून पुसला गेलेला नसतो, तोंच पालकमंडळींच्या मोबाईलांवरून चित्रांची देवघेव सुरू होते. परंतु तीं चित्रें जातात तरी कशीं, असें वर्गांत विचारलें म्हणजे "हवेंतून" असें एकमुखानें उत्तर येतें. हें उत्तर चुकीचें आहे. हवेंतून जातो तो आवाज. हवा काढून घेतलेल्या कांचेच्या हंडींत घंटा वाजविली तर ती ऐकूं येत नाहीं, हा प्रयोग वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पाहिला किंवा निदान वाचला असेलच. त्याच हंडींत मोबाईल ठेविला तर मात्र त्याचा बिनतारी व्यवहार पूर्वींप्रमाणेंच चालू राहील. कारण ज्या लहरींवर त्याची सारी भिस्त, त्यांस हवेची गरजच नाहीं. सूर्याचा प्रकाश निर्वात अवकाश ओलांडून आपणांपर्यंत येतो. ह्या लहरी त्याच कुळांतल्या. त्यांस विद्युच्चुंबकीय लहरी म्हणतात.

हाइन्रिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८८७-८८ च्या सुमारास ह्या लहरी प्रयोगशाळेंत उत्पन्न करून दाखविल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील अध्यापक जगदीशचंद्र बोस यांनीं त्याहून पुष्कळ आंखूड, म्हणजे कांहीं मिलिमीटर लांबीच्या, लहरी निर्माण केल्या, आणि त्यांच्या योगानें दूर ठेविलेली घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून जमलेल्या लोकांस थक्क केलें. आपल्या मोबाईलमध्यें ब्लूटूथ म्हणून जी सोय असते, तिची लहर एका सेकंदांत सुमारें २४० कोटि आंदोलनें करते. लहरीचा वेग सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर. विद्यार्थ्यांनीं ह्या दोन संख्यांचा भागाकार स्वतः करून पाहावा; लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित् अधिक, निघेल.

हाच पट्टा कां निवडला, याचें कारण निसर्गांत शोधण्यापेक्षां व्यवहारांत शोधावें. १९४७ सालीं अमेरिकेंतील अटलांटिक सिटी येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेंत लहरींचे कांहीं पट्टे उद्योगधंदे, शास्त्र व वैद्यक यांच्या उपकरणांसाठीं वेगळे काढण्यांत आले. अन्न तापविणारे मायक्रोवेव्ह ओव्हन त्यांपैकींच एका पट्ट्यांत चालतात. जेथें असा गोंगाट चालूच आहे, तेथें महत्त्वाचें रेडिओ-केंद्र कोण उभारणार? तेव्हां हा पट्टा गांवच्या गायरानासारखा सर्वांस मोकळा राहिला. गायरानांत कोणाचींहि गुरें चरावींत, तसें ह्या पट्ट्यांत अल्पशक्तीचें यंत्र कोणीहि परवाना न काढतां चालवावें. भारतांत २००५ सालच्या नियमांनीं ही मोकळीक मिळाली.

पण गायरान म्हटलें कीं गर्दी आलीच. घरांतील वाय-फाय, कानांतले बिनतारी ध्वनियंत्र, संगणकाचा उंदीर, शेजारचा ओव्हन, सर्व याच पट्ट्यांत. ह्या गर्दींतून वाट काढण्यासाठीं ब्लूटूथनें एक मोठी गमतीची युक्ति योजिली आहे. पट्ट्याच्या ७९ चिंचोळ्या वाटा कल्पून, बोलणारीं दोन यंत्रें एका सेकंदांत १,६०० वेळां एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर उडी घेतात. एखाद्या वाटेवर गोंगाट असला तर नुकसान होतें तें त्या एका उडीपुरतेंच. २००३ सालापासून तर गजबजलेल्या वाटा ओळखून त्या टाळण्याचीहि सोय झाली. आतां, दोघांनींहि एकाच क्षणीं एकाच वाटेवर असलें पाहिजे हें उघड आहे. आमच्या लेझीमच्या पथकांत हलगीचा ठोका पडला कीं पहिल्या रांगेंतल्या मुलाचें आणि शेवटच्या रांगेंतल्या मुलाचें पाऊल एकदमच पडतें, तें कांहीं ते एकमेकांकडे पाहतात म्हणून पडत नाहीं. ठोका व क्रम दोघांसहि ठाऊक असतो म्हणून पडतें. ब्लूटूथमध्यें एक यंत्र ठोका देतें व दुसरें त्यावर पाऊल टाकतें.

उड्यांच्या ह्या कल्पनेचा एक जुना दस्तऐवज वाचकांस मौजेचा वाटेल. हेडी लमार ही ऑस्ट्रियांत जन्मलेली सुप्रसिद्ध चित्रपटनटी, आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार, ह्या दोघांस ११ ऑगस्ट १९४२ रोजीं अमेरिकेंत एक पेटंट मिळालें. पाण्याखालून जाणाऱ्या टॉर्पेडोस बिनतारी इशारे द्यावयाचे, आणि ते शत्रूनें बिघडवूं नयेत म्हणून ८८ लहरींवर उड्या घेत द्यावयाचे, असा तो बेत होता. आपोआप वाजणाऱ्या पियानोंत जशी भोकें पाडलेली कागदी पट्टी फिरते, तशा दोन सारख्या पट्ट्या दोन्ही टोकांस फिरवावयाच्या. पियानोच्या कळाहि ८८ च! अमेरिकेच्या आरमारानें त्या युद्धांत ही युक्ति वापरली नाहीं. ब्लूटूथ हें ह्या पेटंटाचेंच अपत्य होय, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. तें आम्हांस अतिशयोक्तीचें वाटतें. कल्पनेचें गोत्र मात्र एकच.

ब्लूटूथ ह्या नांवाचीहि एक कथा आहे. दहाव्या शतकांत डेन्मार्कचा हॅराल्ड नांवाचा एक राजा होऊन गेला. त्यास 'निळ्या दांताचा' असें लोक म्हणत. त्यानें विखुरलेल्या टोळ्या एका छत्राखालीं आणल्या. १९९७ सालीं इंटेल कंपनींतील जिम कार्डाक यांनीं, निरनिराळ्या कंपन्यांचीं यंत्रें एकत्र आणणाऱ्या ह्या योजनेस त्या राजाचें नांव तात्पुरतें म्हणून सुचविलें. १९९८ मध्यें एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम व तोशिबा ह्या पांच कंपन्यांनीं मंडळ स्थापिलें, आणि तें तात्पुरतें नांवच कायम झालें. घराघरांतील टोपणनांवांचें असेंच होतें. मोबाईलवरील ब्लूटूथचें चिन्ह म्हणजे त्या राजाच्या नांवाचीं, प्राचीन रून लिपींतील, दोन आद्याक्षरें एकमेकांत गुंफलेलीं आहेत.

असो. आतां ह्या लहरींवर काय लादलें जातें तें पाहूं. मोबाईलच्या दृष्टीनें चित्र, गाणें, गृहपाठाचा कागद हीं सर्व ० आणि १ ह्या दोनच अंकांची लांबलचक माळ होय. ह्या एकेका अंकास बिट म्हणतात, व आठ बिटांचा एक बाईट होतो. चार मेगाबाईटच्या साध्या छायाचित्रांत सुमारें ३ कोटि २० लक्ष बिट भरतात. ही माळ अखंड पाठवीत नाहींत. कल्पना करा कीं, एखादें मोठें पुस्तक तुम्हांस केवळ पोस्टकार्डांवर उतरून परगांवच्या मित्रास धाडावयाचें आहे. तुम्ही प्रत्येक कार्डावर अनुक्रमांक घालाल, म्हणजे कार्डें मागेंपुढें पोहोंचलीं तरी मित्र तीं लावून घेईल. सावध असाल तर कार्डावरील अक्षरें मोजून तो आंकडाहि कोपऱ्यांत लिहाल. मोबाईल हेंच करितो. फक्त साध्या मोजणीऐवजीं त्या तुकड्यास एका ठरलेल्या संख्येनें भागल्यासारखें करून जी बाकी उरते, ती शेवटीं जोडतो. घेणारें यंत्र तोच भागाकार पुन्हां करितें. बाकी जुळली तर 'पोहोंचलें' असा निरोप उलट जातो. न जुळली तर तोच तुकडा पुन्हां धाडला जातो. पडद्यावरची पुढें सरकणारी रेघ कधीं मध्येंच थबकते, ती पुष्कळदां अशा फेरपाठवणीमुळें. भागाकाराची बाकी व्यवहारांत काय कामाची, असें विचारणाऱ्या मुलांनीं येवढें ध्यानांत ठेवावें. पुढें हीच बाकी आणखी एका मोठ्या कामास येणार आहे.

वेगाचा हिशेब सोपा आहे. पूर्वींच्या कांहीं मोबाईलांत तांबड्या प्रकाशापलीकडील अदृश्य किरणांनीं देवघेव होई. त्यासाठीं दोन मोबाईल हातभर अंतरावर समोरासमोर धरून, फाईल पोहोंचेपर्यंत न हलतां बसावें लागे. ब्लूटूथनें ती अडचण दूर केली, पण त्याचा प्रत्यक्ष वेग सेकंदास २० लक्ष बिटांच्या आसपासच. आपलें छायाचित्र त्या हिशेबानें १६ सेकंदांत जाईल. परंतु एक गिगाबाईटचा चित्रपट म्हणजे ८०० कोटि बिट. त्यास ४,००० सेकंद, म्हणजे एक तास, सहा मिनिटें आणि चाळीस सेकंद लागतील! तोच वाय-फायच्या लहरीवर, सेकंदास २० कोटि बिट या वेगानें, ४० सेकंदांत उरकेल. मग सर्व व्यवहार वाय-फायनेंच कां करूं नये? कारण वाय-फाय सतत जागें ठेवणें बॅटरीस परवडत नाहीं. यावर तोडगा असा निघाला कीं, शोध घेण्याचें काम ब्लूटूथनें करावें आणि ओझें वाय-फायनें वाहावें. आधीं पोरास धाडून 'घरीं आहांत काय?' असें विचारावें, आणि होकार आला म्हणजे मग बैलगाडी जुंपावी, तसाच हा प्रकार. ॲपलची एअरड्रॉप ही सोय २०११ मध्यें त्या कंपनीच्या संगणकांत व २०१३ मध्यें आयफोनांत आली, ती आज ह्याच रीतीनें चालते. अँड्रॉइड मोबाईलांसाठीं गूगलनें २०२० सालीं नियरबाय शेअर ही सोय काढली; २०२४ मध्यें ती सॅमसंगच्या सोयीशीं एक होऊन क्विक शेअर या नांवानें ओळखली जाऊं लागली. इंटरनेट महाग होतें त्या दिवसांत आपल्याकडे शेअरइट, झेंडर अशीं ॲप याच कामासाठीं अतिशय लोकप्रिय होतीं. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें ज्या ५९ ॲपांवर बंदी घातली, त्यांत हीं दोन्ही होतीं.

मनगटावरील स्मार्ट घड्याळाचें मान थोडें निराळें. त्याची बॅटरी मोबाईलच्या बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याइतकीहि पुष्कळदां नसते, म्हणून तें तोलूनमापून बोलतें. २०१० साली आलेल्या काटकसरी ब्लूटूथवर त्याचा संसार चालतो: क्षणभर जागें व्हावें, चार शब्द बोलावे, पुन्हां निजावें. नाडीचा एक आंकडा पाठविण्यास आठ बिट पुरतात. कां पुरतात, हें ज्यांस दोनाचा आठवा घात काढतां येतो त्यांनीं सांगावें. पण त्याच घड्याळांत गाणीं भरावयाचीं म्हटलें म्हणजे तें फार मंद चालतें, व पुष्कळदां चार्जरवर ठेवूनच भरावें लागतें.

एक लहानसा प्रयोग घरीं करण्याजोगा आहे. (शाळेच्या फाटकाआंत मोबाईल आणण्यास मनाई आहे हें आम्ही विसरलों नाहीं.) ब्लूटूथवर गाणें चालू करून मोबाईल स्टीलच्या डब्यांत घालावा व झांकण घट्ट लावावें, गाणें अडखळूं लागेल, किंवा बंदच पडेल. धातु ह्या लहरींस आडवतो. पाणीहि त्या शोषून घेतें, आणि मनुष्याच्या शरीरांत पाण्याचाच अंश मोठा. म्हणून माणसांच्या दाट गर्दींत ब्लूटूथचा टप्पा कमी होतो.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही हा लेख लिहावयास घेतला, तिकडे वळतों. तार असली म्हणजे ओळखीचा प्रश्नच नसतो. एक टोक ह्या यंत्रांत, दुसरें त्या यंत्रांत, हें डोळ्यांनीं दिसतें. तार गेली कीं तो पुरावाहि गेला. लोकलच्या एका डब्यांत शेकडों मोबाईल असतात आणि लहर तर चहूंकडे सारखीच पसरते. त्यांत आपला मित्र कोणता, आणि मित्राचें नांव घेऊन बसलेला दुसराच कोणी कोणता? १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि भल्याभल्यांनीं त्यास खरा भाऊ मानलें, हा इतिहास आमच्या विद्यार्थ्यांनीं वाचला आहे. त्या तोतयास निदान चेहरा तरी भाऊंसारखा लागला. बिनतारी व्यवहारांतील तोतयास तेवढेंहि लागत नाहीं; मोबाईलचें नांव बदलण्यास अर्धें मिनिट पुरे होतें.

येथें दोन प्रश्न आहेत, आणि ते वेगळे ठेवणें बरें. पहिला गुपिताचा. लहर सर्वांस ऐकूं येते, मग सर्वांसमक्ष बोलून दोघांपुरतें गुपित ठरवावयाचें कसें? हें अशक्यच, असें पूर्वीं कोणीहि म्हटलें असतें. १९७६ सालीं व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन ह्या दोघां अमेरिकन गणितज्ञांनीं तें शक्य असल्याचें प्रसिद्ध केलें, आणि त्यांचें साधन भागाकाराची बाकी हेंच होतें. समजा, वसंत व सुमन भर वर्गांत मोठ्यानें ३ आणि १७ ह्या दोन संख्या ठरवितात. वसंत मनांत ६ धरतो. ३ चा सहावा घात ७२९; त्यास १७ नें भागून बाकी १५. तो मोठ्यानें सांगतो, "पंधरा." सुमन मनांत ७ धरते. ३ चा सातवा घात २,१८७, बाकी ११. ती सांगते, "अकरा." आतां वसंत ११ चा सहावा घात करून १७ नें भागतो, बाकी ८ येते. सुमन १५ चा सातवा घात करून १७ नें भागते; तिचीहि बाकी ८! दोघांपाशीं एकच आंकडा आला, आणि वर्गांत तो कोणीं उच्चारलासुद्धां नाहीं. ऐकणाऱ्यांच्या हातीं लागले ते ३, १७, १५ आणि ११ एवढेच. आमच्या उदाहरणांत संख्या लहान आहेत, म्हणून एखादा चिकाटीचा मुलगा सारे घात करून तें गुपित शोधून काढील. काढावेंच, त्यांत उत्तम अभ्यास आहे. खऱ्या यंत्रांत मात्र संख्या इतक्या प्रचंड असतात कीं, शोध घेणाऱ्यास आयुष्य पुरावयाचें नाहीं. २००७ पासून ब्लूटूथमध्यें जोडणीच्या वेळीं हीच कल्पना, थोड्या निराळ्या गणितानें, वापरतात, आणि त्यांतून निघालेल्या किल्लीनें फाईल कुलुपबंद होऊन जाते.

दुसरा प्रश्न ओळखीचा, आणि तो एकट्या गणितानें सुटत नाहीं. समजा, दोघांच्या मध्यें तोतया बसला. वसंतानें सांगितलेले १५ त्यानें सुमनपर्यंत जाऊंच दिले नाहींत. सुमनशीं वसंत बनून आणि वसंताशीं सुमन बनून त्यानें दोन निरनिराळीं गुपितें ठरविलीं. दोघांसहि वाटतें कीं आपलें बोलणें बंदिस्त आहे. प्रत्यक्षांत प्रत्येक पान त्याच्या हातांतून जातें. यावर उपाय म्हणून दोन्ही यंत्रें, त्यांच्यामध्यें बोलल्या गेलेल्या संख्यांपासून, एक सहा अंकी खूण तयार करून आपापल्या पडद्यावर दाखवितात. मध्यें कोणी नसेल तर दोन्ही पडद्यांवर तेच सहा अंक येतात. तोतया असेल तर त्यानें दोघांशीं वेगवेगळ्या संख्या बोलल्या असल्यामुळें अंक जुळत नाहींत. योगायोगानें जुळण्याचा संभव १० लक्षांत एक. मोबाईलास नवें घड्याळ किंवा मोटारींतील ध्वनियंत्र जोडतांना पडद्यावर जे अंक उमटतात, ते हेच. दोन्ही पडदे पाहून खूण पटवावयाची असते, आणि ती पटविण्याचें काम कोणत्याहि यंत्रास करतां येत नाहीं. तेथें मनुष्याचे डोळे लागतात. आम्ही पाहतों तों शंभरांतले बहुतेक लोक अंक न वाचतांच 'होय' वर बोट ठेवितात. इतक्या थोर गणितज्ञांची मेहनत त्या एका बोटानें वायां जाते.

बोटाच्या घाईनें काय होतें याचें उदाहरण जुनें आहे, पण बोधक आहे. २००४ च्या जूनमध्यें कॅबिर नांवाचा एक उपद्रवी प्रोग्रॅम उजेडांत आला. सिंबियन पद्धतीच्या मोबाईलांत तो शिरे आणि ब्लूटूथवरून आसपासच्या मोबाईलांस स्वतःची प्रत देऊं करी. लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं, तो कोणाच्याहि मोबाईलांत चोरून शिरत नसे. प्रथम तो विचारी: संदेश घेतां काय? घेतला तर पुन्हां विचारी: हा बसवूं काय? मालकानें होकार दिला तरच तो आंत येई. मग पसरला कसा? 'नाहीं' म्हटलें कीं पुन्हां तोच प्रश्न येई. पुन्हां नाहीं, पुन्हां प्रश्न. शेवटीं कंटाळून माणूस 'होय' म्हणे. २००५ च्या ऑगस्टमध्यें फिनलंडांतील हेलसिंकी येथें जागतिक मैदानी स्पर्धा भरल्या असतां, क्रीडागारांत दाटीवाटीनें बसलेल्या प्रेक्षकांत ही साथ पसरली. त्यावर खरा उपाय अगदीं साधा होता: आठ-दहा मीटर दूर चालत जावें, म्हणजे ब्लूटूथचा टप्पा संपे आणि प्रश्न बंद होई. कॅबिरनें फाईली नासल्या नाहींत. त्यानें बॅटरी तेवढी संपविली. आजच्या मोबाईलांत तो चालणार नाहीं. पण कंटाळून 'होय' म्हणणारा माणूस तोच आहे.

पालकांस यांतून कांहीं गोष्टी सांगावयाच्या आहेत. मुलांच्या हातून मोबाईल काढून घ्या, असें आम्ही म्हणत नाहीं. मुलांबरोबर बसून त्यांतील सोयी एकदां उघडून पाहा, असें म्हणतों. एअरड्रॉप किंवा क्विक शेअर कोणासाठीं उघडें आहे, तें प्रथम पाहावें: कोणासाठींच नाहीं, ओळखीच्यांसाठीं, कीं सर्वांसाठीं. आगगाडींत किंवा बाजारांत तें सर्वांसाठीं उघडें ठेवलें, तर कोणीहि अनोळखी इसम तुमच्या पडद्यावर काय वाटेल तें चित्र देऊं करूं शकतो. असभ्य चित्रें अशा रीतीनें प्रवाशांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, मोबाईलांवर ढकलण्याचे प्रकार परदेशांत इतके झाले कीं, इंग्लंडांत २०२३ च्या कायद्यानें हा स्वतंत्र गुन्हा ठरविण्यांत आला. ॲपलनें डिसेंबर २०२२ मध्यें 'सर्वांसाठीं' ही मुभा दहा मिनिटांपुरती केली. दहा मिनिटांनंतर दार आपोआप लागतें. हा नियम आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. दिंडी दरवाजा उघडा ठेवून झोपी जाण्याची मनुष्याची संवय जुनीच आहे.

मोबाईलचें नांवहि पाहावें. पुष्कळांच्या मोबाईलास त्यांचें स्वतःचेंच नांव असतें, आणि देवघेवीची सोय सर्वांसाठीं उघडी ठेवली कीं तें आसपासच्या अनोळखी लोकांस वाचतां येतें. मुलींच्या मोबाईलांस तरी पूर्ण नांव ठेवूं नये. 'निळा बगळा' असें कांहीं ठेवलें तरी मैत्रिणींस तें सांगतां येतेंच. आणखी एक गोष्ट अशी कीं, स्थाननोंदणी चालू असतांना घरीं काढलेल्या छायाचित्रांत त्या घराचे अक्षांश-रेखांश गुपचूप नोंदले जातात. मूळ फाईल दिली म्हणजे पत्ताहि दिला जाण्याचा संभव असतो. एअरड्रॉपनें चित्र पाठवितांना स्थान वगळण्याचा पर्याय असतो. तो कोठें आहे तें मुलांनीं शोधून वडिलांस दाखवावें. बहुतेक घरांत तेंच अधिक सोपें पडेल.

राहतां राहिला एक प्रश्न, जो आम्हांस विद्यार्थ्यांनीं पुष्कळदां विचारला आहे: आयफोनवरून अँड्रॉइड मोबाईलवर चित्र सरळ कां जात नाहीं? लहरी त्याच, गणित तेंच. अडथळा होता तो दोन दुकानांमधील भिंतीचा. प्रत्येक कंपनीची बोली आपापली. २०२५ च्या नोव्हेंबरांत गूगलनें जाहीर केलें कीं, पिक्सेल १० ह्या मोबाईलांपासून आरंभ करून क्विक शेअर हें एअरड्रॉपशीं बोलूं लागेल. परंतु आरंभीं ती देवघेव घेणाऱ्यानें 'सर्वांसाठीं, दहा मिनिटें' असें दार उघडलें तरच होई. 'ओळखीच्यांसाठीं' ह्या दारानें होत नसे. दोन्ही कंपन्यांपाशीं ओळखीच्या माणसांची सामाईक वही नाहीं, तेव्हां समोरचा ओळखीचा आहे हें एका यंत्रानें दुसऱ्यास पटवावें कसें? म्हणून तेथेंहि पाठविणारा आपल्या पडद्यावरचें नांव मोठ्यानें वाचतो, घेणारा आपल्या मोबाईलचें नांव पाहून 'हो, तो माझाच' असें सांगतो, आणि मग बोट टेकतें.